रफी साहेबांच्या दोन दिवस आधीची बरसी: जॉनी वॉकर

जुलैचा शेवटचा आठवडा आला की आपल्या घरोघरी मरहूम मोहम्मद रफी साहेबांची गाणी सुरू होतात. 31 जुलै 1980 ही तारीख आपल्या पोराटोरांनाही पाठ आहे. पण त्याच्या दोन दिवस आधी, 29 जुलैला, आणखी एका कलावंताची बरसी येते आणि ती बहुतेकांच्या ध्यानातही राहत नाही. बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. जग त्यांना जॉनी वॉकर म्हणून ओळखतं. 2003 साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांची आठवण आता काढण्याचं कारण म्हणजे जुन्या हलक्याफुलक्या सिनेमांच्या गाण्यांना परत चांगले दिवस आलेत. आधी कॅसेटी आल्या, मग सीड्या, 2017 साली कारवाँ नावाचा डबा आला आणि आता तर काळ्या मोठ्या तबकड्याही नव्यानं निघतात. चांगल्याच महाग असतात, तरी अमरावती-अकोल्यातले शौकीन त्या मागवतात. ‘आरपार’, ‘मिस्टर अँड मिसेस 55’, ‘सीआयडी’ या सिनेमांची गाणी सलग ऐकली की घरातली दादीसुद्धा बोटांनी ताल धरते. मात्र पाकीट उलटसुलट करून पाहा. ओ. पी. नय्यर दिसतील, मजरूह सुलतानपुरी दिसतील, रफी आणि गीता दत्त दिसतील. ज्या माणसासाठी त्यातली सगळ्यात मजेदार गाणी तयार झाली, त्याचं नाव गाणाऱ्यांच्या यादीत कुठून असणार? तो गायकच नव्हता.

जॉनी वॉकर मूळचे इंदूरचे. इंदूर आपल्या वऱ्हाडाला काही परकं नाही. खंडव्याहून मेळघाटातून अकोल्याला उतरणारी ती छोटी लाईन आता बंद पडली, पण एके काळी त्याच वाटेनं आपल्याकडच्या कितीतरी सोयरिकी जुळल्या. काझी कुटुंब मोठं होतं आणि वडील गिरणी कामगार. गिरणीतलं काम सुटलं तसं सगळं बिऱ्हाड मुंबईला आलं. बद्रुद्दीनची शाळा सहावीतच सुटली. भाजी विकली, फळं विकली, बर्फाच्या कांड्या विकल्या, आणि शेवटी बेस्टच्या बसमध्ये कंडक्टरची नोकरी लागली.

ही नोकरीच त्यांची नाटकशाळा ठरली. तिकिटं फाडता फाडता नकला करायच्या, थांब्यांची नावं अशी पुकारायची की उतरणारा हसत उतरला पाहिजे. अभिनेते बलराज साहनी तेव्हा नवकेतनच्या ‘बाजी’ची पटकथा लिहीत होते. त्यांच्या नजरेत हा कंडक्टर भरला आणि त्यांनी त्याला दिग्दर्शक गुरुदत्तकडे जायला सांगितलं. पुढचा किस्सा सिनेमावाल्यांमध्ये फार प्रसिद्ध आहे. बद्रुद्दीननं गुरुदत्तसमोर दारुड्याचं सोंग असं काही वठवलं की खरोखरचा पिऊन आलाय असंच वाटावं. सोंग आहे हे कळल्यावर गुरुदत्त खूश झाले आणि त्यांनी ‘बाजी’त काम दिलं. सिनेमा 1951 साली आला. सोबत नावही मिळालं, तेही एका विलायती दारूच्या बाटलीवरून.

आणि बद्रुद्दीन काझी आयुष्यात दारू पीत नव्हते.

पाच दशकं एका व्हिस्कीचं नाव घेऊन ते फिरले. घरात, मोहल्ल्यात, नातेवाइकांत याचं काय झालं असेल याचा अंदाज आपल्या वाचकांना सांगायला नको. झुलणारा, जीभ जड झालेला बेवडा त्यांनी इतक्या वेळा केला की लोकांना तेच खरं वाटू लागलं. आम्हाला तर यातच त्यांचं मोठेपण दिसतं. पिणाऱ्याला आपण कसे दिसतो हे कळत नाही, शुद्धीवर राहून पाहणाऱ्यालाच ते कळतं. त्यांचा दारुडा पाहून दारूची हौस वाटत नाही, हसू मात्र येतं.

आता गाण्यांकडे येऊ. पन्नासच्या दशकात सिनेमाचा असा अल्बम नसायचा. 78 फेऱ्यांची तबकडी यायची, एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं एक गाणं, आणि तेवढ्यात सगळा मामला उरकायचा. म्हणून ही गाणी इतकी चटपटीत आहेत, पाल्हाळाला जागाच नव्हती. सरकारी रेडिओनं 1952 च्या सुमारास सिनेमाच्या गाण्यांकडे पाठ फिरवली, तेव्हा लोक रेडिओ सिलोन लावून बसत. एकेक सुटी तबकडी घेतलेल्यांना जे सुख क्वचित मिळायचं, ते आज आपल्याला सहज मिळतं: एका सिनेमाची सगळी गाणी एका बैठकीत. आणि तशी ऐकली तरच रफी साहेबांची खरी करामत कळते.

‘मिस्टर अँड मिसेस 55’ घ्या. 1955 चा सिनेमा. गुरुदत्त व्यंगचित्रकार, मधुबाला श्रीमंत घरची मुलगी आणि जॉनी वॉकर फोटोग्राफर मित्र. रफी साहेब गुरुदत्तसाठी गातात तेव्हा आवाज मऊ, प्रेमात पडलेला. त्याच सिनेमात जॉनीचं ते ऑफिसातलं गाणं, ज्यात तो हरवलेलं काळीज शोधत फिरतो, ते लागलं की आवाज एकदम नाकाजवळ येतो. शब्दांच्या शेपट्या वर जातात, मध्येच एखादा हेलकावा. डोळे मिटून ऐकलं तरी बारीक मिशीचा तो चेहरा समोर उभा राहतो. ‘मधुमती’तही तीच गंमत. तुटलेल्या स्वप्नांचं गाणं दिलीपकुमारसाठी रफी साहेबांनीच गायलं आणि जंगलातल्या मोराचं झिंगलेलं गाणं जॉनी वॉकरसाठीही त्यांनीच. संगीत दोन्हींचं सलील चौधरींचं. 1958 च्या या सिनेमासाठी जॉनी वॉकरना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं.

‘सीआयडी’तलं मुंबई शहराच्या खोड्या काढणारं गाणं तर आजही प्रत्येकाला तोंडपाठ आहे. जॉनी त्यात खिसेकापू झालेत. मजरूह साहेबांनी तीन-चार कडव्यांत शहराची सगळी बेइमानी सांगून टाकली आणि ऐकणाऱ्याला ते टोचलंही नाही, हसत हसत गिळलं गेलं. असं गाणं हीरोच्या तोंडी दिलं असतं तर भाषण झालं असतं.

आमचं सगळ्यात आवडतं मात्र ‘प्यासा’तलं. 1957. सिनेमा उदास, साहिर साहेबांची शायरी काळजाला हात घालणारी. त्या सगळ्या अंधारात अब्दुल सत्तार नावाचा तेलमालिशवाला येतो आणि तीन-चार मिनिटं दिवा लावून जातो. या अब्दुल सत्तारकडे जरा नीट पाहा. गरीब आहे, मुसलमान आहे, लोकांची डोकी चोळून पोट भरतो, पण सिनेमा त्याच्या नावाची, धंद्याची, बोलीची कुठेही टर उडवत नाही. हीरोला सख्ख्या भावांनी वाऱ्यावर सोडलं तरी अब्दुल सत्तार त्याला सोडत नाही. पुढं हिंदी सिनेमात आपल्या नावांच्या विनोदी पात्रांचं जे काय झालं ते पाहिलं की हा सत्तारभाई जास्तच आठवतो.

त्या काळात त्यांची चलती अशी होती की जॉनी वॉकरचं एखादं गाणं हवंच असा वितरकांचा हट्ट असायचा, असं सांगतात. ‘छू मंतर’ आणि ‘मिस्टर कार्टून एम. ए.’ या सिनेमांत ते चक्क हीरो होते. 1957 साली तर त्यांच्याच नावाचा ‘जॉनी वॉकर’ हा सिनेमा आला. तिन्हींचं संगीत नय्यर साहेबांचं.

‘आरपार’मध्ये ज्या नूर त्यांच्यासोबत गाण्यात दिसतात त्यांच्याशीच त्यांनी निकाह केला. नूर म्हणजे अभिनेत्री शकीला यांची बहीण. सासरकडून विरोध होता, तरी संसार झाला आणि टिकला. कामाची गर्दी असतानाही रविवारी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं नाही, हा त्यांचा नियम होता. रविवार घरच्यांचा. स्वतः सहावीत शाळा सोडावी लागलेल्या या बापानं मुलांना शिकायला अमेरिकेपर्यंत पाठवलं.

1964 साली गुरुदत्त गेले. विनोदाची चालही बदलली. द्वयर्थी बोलणं, अंगविक्षेप वाढले. ते त्यांना पटत नव्हतं. आपल्या विनोदावर सेन्सॉरनं कधी कात्री चालवली नाही, याचा त्यांना अभिमान होता. मग त्यांनी कामच कमी केलं. ‘शिकार’साठी विनोदी अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. 1971 च्या ‘आनंद’मधले त्यांचे ईसाभाई थोडेच वेळ दिसतात, पण जे करून जातात ते डोळ्यांत पाणी आणतं. 1985 साली ‘पहुंचे हुए लोग’ हा सिनेमा स्वतः काढला, तो फारसा चालला नाही. 1997 साली कमल हासननं ‘चाची 420’साठी त्यांना परत बोलावलं. म्हातारा मेकअपवाला जोसेफ. तिथंही बाटली काही सुटली नाही बापा!

आपल्याकडच्या लग्नात बँडवाले नवरदेवाच्या दोस्ताचं जे गाणं हमखास वाजवतात, ते ‘चौदहवी का चाँद’मधलं. 1960 चा सिनेमा, संगीत रवी यांचं, आवाज रफी साहेबांचा, आणि पडद्यावर गुरुदत्तच्या लग्नात नाचणारा यार म्हणजे जॉनी वॉकर. वरातीत नाचणाऱ्या दहा पोरांपैकी एकालाही हे ठाऊक नसतं.

येत्या 29 जुलैला ‘मिस्टर अँड मिसेस 55’ लावा. गुरुदत्तचं एक गाणं आणि लगेच जॉनीचं एक, असं घरातल्या मुलांना ऐकवा आणि मग विचारा, गाणारे किती होते.