डॉक्टरांनी उलगडलेला वीजमंडलाचा नियम

भूगावसारख्या गावातल्या दवाखान्यातही आता ईसीजी काढता येतो. छातीला आणि हातापायांना वायरी जोडल्या, की कागदावर रेघ उमटते. ही रेघ हृदयाच्या एखाद्या पेशीची नसते. असंख्य पेशींनी एकाच वेळी निर्माण केलेल्या विजेची ती बेरीज असते. अशी बेरीज कोणत्या नियमाने होते, हे १८५३ मध्ये हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन डॉक्टरांनी स्पष्ट मांडले. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आज हाच नियम ‘सुपरपोझिशन थिअरम’ म्हणजे अध्यारोपण प्रमेय म्हणून शिकतात.

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी पॉट्सडॅम येथे झाला. वडील शिक्षक. मुलाला ओढ भौतिकशास्त्राची, पण ते शिकवण्याइतका पैसा घरात नव्हता. वैद्यकीय शिक्षण मात्र सरकारी खर्चाने मिळे. अट एवढीच, की पुढे लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी करायची. त्यांनी ती पत्करली. नोकरीत असतानाच, १८४७ मध्ये त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला. नामांकित नियतकालिकाने तो नाकारला, तेव्हा तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापावा लागला.

१८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजणे अशक्य आहे, असे त्यांचे गुरू योहानेस म्युलर मानत. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखवला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. १८५१ मध्ये त्यांनी डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे यंत्र, म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोप, जगापुढे आणले.

त्या काळात त्यांचे मित्र एमिल दु ब्वा-रेमाँ स्नायूंतील विजेचा अभ्यास करत होते. अडचण अशी, की स्नायूच्या आत विजेचे उगम अनेक आणि मोजमाप मात्र बाहेरून. हेल्महोल्ट्झ यांनी तोडगा काढला. एका वेळी एकच उगम चालू आहे असे धरायचे, त्याचा परिणाम काढायचा आणि शेवटी सगळ्या परिणामांची चिन्हांसह बेरीज करायची.

समजा, १२ व्होल्ट आणि ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. प्रत्येकीपुढे २ ओहमचा रोध आहे आणि दोघी मिळून २ ओहमच्या एकाच दिव्याला वीज देतात. आधी ६ व्होल्टची बॅटरी काढून तिच्या जागी साधी तार जोडली असे समजायचे. आता दिवा आणि दुसरा रोध समांतर आले, म्हणजे १ ओहम. पहिल्या रोधासह एकूण ३ ओहम. म्हणून धारा ४ अँपिअर, त्यातली निम्मी, म्हणजे २ अँपिअर, दिव्यातून जाते. मग १२ व्होल्टच्या जागी तार धरायची. दिव्यातून १ अँपिअर मिळते. दोन्ही बॅटऱ्या चालू असताना दिव्यातील धारा ३ अँपिअर!

मात्र ही बेरीज धारा आणि व्होल्टेज यांचीच करता येते, वॉटची नाही. वेगवेगळे काढले तर दिव्याचे ८ आणि २ असे १० वॉट होतात. प्रत्यक्षात ३ अँपिअरला ते १८ भरतात. शिवाय मंडलातले घटक ओहमचा नियम पाळणारे हवेत. डायोड असेल तर ही रीत चालत नाही.

याच शोधनिबंधात हेल्महोल्ट्झ यांनी एक इशाराही दिला होता. आतले उगम माहीत असतील तर बाहेरचा परिणाम नक्की सांगता येतो, पण उलट नाही. उगमांच्या वेगवेगळ्या रचना बाहेर एकसारखाच परिणाम दाखवू शकतात. म्हणूनच डॉक्टर नुसत्या ईसीजीवर न थांबता रुग्णाची लक्षणे आणि इतर तपासण्याही पाहतात.

गुंतागुंतीचे मंडल एक बॅटरी आणि एक रोध एवढ्यावर आणण्याची युक्तीही त्याच निबंधात होती. पण १८८३ मध्ये फ्रेंच तार अभियंते लेआँ तेवेनँ यांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि प्रमेयाला त्यांचेच नाव मिळाले.

पैशाअभावी दुरावलेले भौतिकशास्त्र हेल्महोल्ट्झ यांना अखेर मिळाले. १८७१ मध्ये ते बर्लिनमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. रेडिओलहरी शोधणारे हाइनरिश हर्ट्झ हे त्यांचेच विद्यार्थी. ८ सप्टेंबर १८९४ रोजी हेल्महोल्ट्झ यांचे निधन झाले.