सर्राचा परजीवी शोधणारे पशुवैद्यक : ग्रिफिथ इव्हान्स

जनावराला ताप येतो, उतरतो आणि काही दिवसांनी पुन्हा येतो. चारा खाऊनही ते खंगत जाते. अशा वेळी पशुवैद्यक रक्ताचा नमुना घेतात. तो का घेतात, हे समजण्यासाठी ग्रिफिथ इव्हान्स यांची ओळख करून घ्या.

इव्हान्स यांचा जन्म 1835 मध्ये वेल्समधील शेतकरी कुटुंबात झाला. 1855 मध्ये ते लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधून पशुवैद्यक झाले आणि 1860 मध्ये ब्रिटिश सैन्यात दाखल झाले. कॅनडात नेमणुकीवर असताना त्यांनी मॅकगिल विद्यापीठातून माणसांच्या वैद्यकाचीही पदवी घेतली. 1877 मध्ये ते भारतात आले.

1880 मध्ये त्यांना डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) येथे पाठवले गेले. तेथे घोडे आणि उंट सर्राने मरत होते. इव्हान्स यांनी आजारी जनावरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात तांबड्या पेशींच्या अवतीभोवती वळवळणारे सूक्ष्म परजीवी दिसले. हे रक्त निरोगी जनावरांना टोचल्यावर त्यांनाही रोग झाला.

तरीही त्या काळच्या तज्ज्ञांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. उंदरांच्या रक्तात असेच परजीवी असतात आणि ते निरुपद्रवी असतात, असा त्यांचा समज होता. इव्हान्स मात्र आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले. पुढे तेच खरे ठरले. ट्रिपॅनोसोम गटातील परजीवी रोग घडवतो, हे प्रथम याच कामातून दिसले. त्या परजीवीला आज ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय म्हणतात. इव्हान्स 1935 मध्ये, वयाच्या 100 व्या वर्षी वारले.

सर्रा आपल्याकडे गाई-म्हशींनाही होतो. रक्त पिणाऱ्या टॅबॅनस जातीच्या माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. म्हणून हे लक्षात ठेवा :

• वारंवार ताप, अशक्तपणा, पायांवर सूज किंवा गोल-गोल फिरणे दिसल्यास लगेच पशुवैद्यकांना बोलवा.
• रक्ताचा नमुना ताप चढलेला असताना आणि औषध देण्याआधी घ्यावा. गाई-म्हशींच्या रक्तात परजीवी कमी असतात. एका तपासणीत न दिसल्यास पुन्हा तपासणी करून घ्या.
• औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्या. एकच सुई अनेक जनावरांना वापरू नका.
• आजारी जनावर वेगळे बांधा आणि गोठ्यातील माश्यांचा बंदोबस्त करा.