चाळीतल्या एका खोलीतली मॉन्टेसरी

तुमच्या ताईच्या नाहीतर वहिनीच्या बाळासाठी घरात पाळणाघर शोधणं चालू असेल, तर फीचा आकडा तुमच्याही कानावर आला असेलच. पाटीवर 'मॉन्टेसरी' असेल तर तो आणखी फुगतो. आता हे ऐका. हे नाव ज्या बाईंचं, त्यांनी पहिलं 'बालगृह' चालवलं ते मजुरांच्या वस्तीत, आणि आईबापांकडून फी न घेता.

मारिया मॉन्टेसरी १८७० साली इटलीत जन्मल्या, १८९६ मध्ये डॉक्टर झाल्या. बाईने डॉक्टर होणं तिथे तेव्हा नवलच होतं.

रोममध्ये सान लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. तिथल्या पडायला आलेल्या इमारती एका कंपनीने दुरुस्त करून कामगारांना भाड्याने दिल्या. आपल्या गिरणगावातल्या चाळी डोळ्यांसमोर आणा. आईबाप दोघंही सकाळीच कामावर, मोठी भावंडं शाळेत. उरली तीन ते सात वर्षांची पोरं. ती दिवसभर जिन्यात; भिंती खरडव, हे तोड, ते फोड. मालकांनी हिशेब मांडला : दुरुस्तीवर पैसा घालवण्यापेक्षा एक खोली आणि सांभाळायला एक बाई देणं स्वस्त पडतं. कळवळा वगैरे नंतरचा! पण मला हा रोखठोक हिशेब आवडतो. मुलं सांभाळायला पैसा लागतो आणि तो एकट्या आईच्या पगारातून निघत नाही, हे त्यात मान्य केलेलं होतं.

६ जानेवारी १९०७ ला खोली उघडली. पन्नासेक मुलं. शिक्षिकेने त्याच इमारतीत राहायचं, आईने मूल स्वच्छ धाडायचं आणि आठवड्यातून एकदा तिच्याशी बोलायचं, असे नियम. मूल खाली, घर वर; कामावर गेलेल्या आईच्या जिवाला घोर नाही.

तिथे मुलं आपली आपण कशी शिकतात ते बाईंनी पाहिलं आणि पुढे पद्धत जगभर गेली. मालकाने खर्च उचलायची रीत मात्र तिच्यासोबत फारशी गेली नाही.

आणि स्वतः बाई? १८९८ मध्ये त्यांना मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. मूल जवळ ठेवलं असतं तर डॉक्टरकी संपलीच असती. त्यांनी त्याला खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढायला दिलं. त्या अधूनमधून भेटायला जात. दुसऱ्यांच्या पोरांसाठी खोली उघडली तेव्हा त्यांचा मारिओ आठ वर्षांचा होता आणि लांब होता. तो त्यांच्याकडे राहायला आला तो पंधराव्या वर्षाच्या आसपास.

१९३९ मध्ये दोघं भारतात आले. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने मारिओला अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीत डांबलं. तोवर लोकांना तो बाईंचा दत्तक मुलगा नाहीतर नातेवाईक म्हणूनच ठाऊक होता. ३१ ऑगस्ट १९४० ला, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयकडून त्याच्या सुटकेची तार आली. त्या तारेत त्याला सरळ त्यांचा मुलगा म्हटलं होतं.