बाबासाहेब आणि सुप्रीम कोर्ट

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मले. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. हायकोर्टात हक्क शाबीत व्हायला १९३७ उजाडले. पुढे त्यांच्या मसुदा समितीच्या घटनेत कलम ३२ आले. हक्क मोडला तर गरीबही थेट सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो. पण १९५१ साली त्याच कोर्टाने मद्रासचा मेडिकल-इंजिनिअरिंगच्या जातवार जागांचा हुकूम रद्द केला. कायदेमंत्री बाबासाहेबांनी संसदेत घटनादुरुस्तीची बाजू लढवली. कलम १५(४) आले. त्याच्या आधारे आमची पोरं कॉलेजात गेली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. कोर्ट देतं, काढूनही घेतं. म्हणून आम्ही सांगतो, बंधू-भगिनींनो, घटना घरोघर वाचा. जय भीम!