बुद्धगयेच्या वाटेवर

गोमंतकात झुवारी नदीच्या परिसरात सांखवाळ नावाचा एक जुना गाव आहे. तेथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. गोव्यावर त्या काळी पोर्तुगीजांचे राज्य होते, आणि खेड्यातील मुलांना मराठी शिक्षण मिळण्याची सोय फारच तोकडी होती. धर्मानंदांची शाळा लवकरच सुटली. घरची नारळीची बाग होती. तिची राखण करावी, शिंपण करावे, आणि फावल्या वेळात हाती लागेल ते मराठी पुस्तक वाचावे, असा त्यांचा दिनक्रम होता. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांचे लग्नही झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे पाहता पुढील सारे आयुष्य त्याच बागेत जावयाचे होते.

त्या काळी मुंबईस विनायक कोंडदेव ओक हे 'बालबोध' नावाचे मासिक चालवीत असत. ते मुलांसाठी निघे. १८९७ साली या मासिकाचा एक अंक धर्मानंदांच्या हाती आला. त्यात भगवान बुद्धाचे लहानसे चरित्र होते. एकवीस वर्षांच्या त्या तरुणाने ते वाचले, पुन्हा वाचले, आणि त्याच्या मनाला एकच ध्यास लागला. राज्य सोडून निघालेल्या या पुरुषाने जगाला नेमके काय शिकविले, हे आपण मुळापासून जाणून घ्यावयाचेच, असा त्यांनी निश्चय केला.

निश्चय करणे सोपे होते. तो पार पाडणे मात्र फार कठीण होते. बुद्धाचे उपदेश पाली भाषेत आहेत, आणि पाली शिकविणारा गुरू गोव्यात तर नव्हताच, पण साऱ्या महाराष्ट्रातही मिळणे दुर्घट होते. ज्या देशात बुद्ध जन्मले, त्याच देशात त्यांची वाणी जवळजवळ विसरली गेली होती. धर्मानंदांस संस्कृत येत नव्हते, इंग्रजी येत नव्हते, आणि गाठीस पैसाही नव्हता. शिवाय घरी पत्नी बाळाबाई आणि एक तान्ही मुलगी होती. त्यांना मागे ठेवून जाणे योग्य की अयोग्य, हा विचार त्यांना छळीत असे. तरीही १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्यांच्या या निर्णयाचा भार घरी राहिलेल्या बाळाबाईंनी सात वर्षे वाहिला, ही गोष्ट धर्मानंदांचे चरित्र वाचताना विसरता येत नाही.

प्रथम ते पुण्यास आले. तेथे थोर पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली, व संस्कृतच्या अध्ययनास आरंभ झाला. परंतु पुण्यात फार काळ राहणे जमले नाही. उज्जैन, ग्वाल्हेर अशी गावे मागे टाकीत, कधी आगगाडीने तर कधी पायी, ते काशीस पोचले. काशीत अन्नछत्रात जेवावे आणि उरलेला वेळ व्याकरण घोकण्यात घालवावा, अशी त्यांची तेथील राहणी होती. काशीपासून अवघ्या तीन कोसांवर सारनाथ आहे. बुद्धांनी आपला पहिला उपदेश तेथेच केला. मात्र ज्या सिंहशीर्षाची मुद्रा आज आपल्या नाण्यांवर दिसते, ते तेव्हा सारनाथच्या मातीखाली गाडलेलेच होते; ते १९०५ साली उत्खननात सापडले.

नेपाळात बौद्ध धर्म अजून जिवंत आहे, असे कळल्यावरून १९०२ च्या आरंभी धर्मानंद डोंगर ओलांडून काठमांडूस गेले. तेथे त्यांनी मोठमोठे स्तूप पाहिले. परंतु ज्यासाठी एवढी पायपीट केली, ते पाली ग्रंथांचे अध्ययन तेथे आढळले नाही. करुणेचा उपदेश करणाऱ्या बुद्धाच्या स्थानांजवळही प्राण्यांची हत्या चाललेली पाहून त्यांचे मन उदास झाले. दोन वर्षे हिंडून काय मिळविले, तर काहीच नाही, असे त्यांस वाटू लागले. दुसरा एखादा येथून थेट घरी परतला असता. धर्मानंद मात्र बुद्धगयेकडे वळले.

गयेपासून सुमारे बारा किलोमीटर दक्षिणेस, नैरंजना नदीच्या काठी, बुद्धगया आहे. नदीचे पात्र विस्तीर्ण आणि बहुतेक काळ वाळूने भरलेले असते. त्या वाळवंटापलीकडून महाबोधी मंदिराचे पन्नास मीटरांहून उंच शिखर दृष्टीस पडते. मंदिराच्या पाठीमागे पश्चिमेस बोधिवृक्ष आहे. याच स्थळी एका पिंपळाखाली बसून सिद्धार्थ गौतमांनी ज्ञान प्राप्त केले, आणि ते बुद्ध झाले. धर्मानंदांनी जो पिंपळ पाहिला, तो काही बुद्धाच्या काळचा नव्हे. तेथील एक जीर्ण वृक्ष १८७६ साली, म्हणजे धर्मानंद जन्मले त्याच वर्षी, वादळात कोसळला होता. त्यानंतर त्याच्या वंशातील रोप तेथे लावण्यात आले. पडझड झालेल्या मंदिराचा जीर्णोद्धार १८८० नंतर झाला होता. मंदिराची मालकी तेव्हा एका शैव महंताकडे होती, आणि बौद्धांना तेथे पूजेचा अधिकार असावा म्हणून अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ साली स्थापिलेली महाबोधी सभा झगडत होती.

अशा ठिकाणी हा फाटका, थकलेला तरुण येऊन उभा राहिला. त्याच्याजवळ बुद्धाविषयी श्रद्धा होती, पण बुद्धाच्या भाषेतील एक ओळही त्याला वाचता येत नव्हती. यात्रेकरू तीर्थास जातात ते बहुधा काही मागण्यासाठी. धर्मानंदांस तेथे मिळाला तो एक पत्ता. बुद्धगयेस राहणाऱ्या एका भिक्षूने त्यांस सांगितले की, पाली शिकावयाची असेल तर सिंहलद्वीपास, म्हणजे आज ज्यास आपण श्रीलंका म्हणतो तेथे, जावे. त्या साध्या सल्ल्याने त्यांचे आयुष्य बदलले. ते कलकत्त्यास गेले. महाबोधी सभेच्या साहाय्याने पुढील प्रवासाची सोय झाली, आणि त्याच वर्षी ते कोलंबोस पोचले.

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्य हे विद्वान महास्थविर शिकवीत असत. त्यांच्या हाताखाली धर्मानंदांनी श्रामणेराची दीक्षा घेतली, आणि ज्या क्षणाची पाच वर्षे वाट पाहिली, तो पाली अध्ययनाचा आरंभ एकदाचा झाला. पाली भाषेस स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, आणि युरोपातील पंडित रोमन लिपीत. देवनागरीत छापलेला ग्रंथ मिळणे कठीण. म्हणून एका भाषेसाठी धर्मानंदांस अनेक लिप्या शिकाव्या लागल्या. सिंहलद्वीपातील अन्न त्यांना मानवले नाही, प्रकृती खालावली. वर्षभराने ते मद्रासेस आले, आणि पुढे ब्रह्मदेशात जाऊन तेथे त्यांनी ग्रंथांबरोबर ध्यानाचाही अभ्यास केला.

१९०४ साली ते हिंदुस्थानात परतले, तेव्हा त्यांच्या अंगावर भिक्षूचे चीवर आणि हातात भिक्षापात्र होते. भिक्षूने पैशाला स्पर्श करावयाचा नाही, मध्यान्हीनंतर जेवावयाचे नाही. जे पात्रात पडेल ते खावयाचे. हे नियम पाळीत त्यांनी बुद्धाच्या जीवनाशी निगडित असलेल्या स्थळांची यात्रा केली, आणि तीही बहुतांशी पायी. बुद्धगया, राजगृह, श्रावस्ती, कपिलवस्तू, लुंबिनी, कुसिनारा ही ती स्थळे. ज्या वाटांनी बुद्ध चालले, त्या वाटांवर आता भिक्षू म्हणजे कोण, हे सांगणारा माणूसही विरळाच भेटे.

कपिलवस्तूच्या परिसरात शाक्यांच्या वैभवाच्या खुणा रानात दडलेल्या होत्या. लुंबिनीस सम्राट अशोकाने उभारलेला शिलास्तंभ आहे. बुद्धाचा जन्म येथे झाला, असे त्यावर कोरलेले आहे. तो लेख १८९६ साली, म्हणजे या यात्रेच्या केवळ आठ वर्षे आधी, पुन्हा उजेडात आला होता. श्रावस्तीच्या ज्या जेतवनात बुद्धांनी अनेक वर्षावास घालविले, तेथे विटांचे ढिगारे राहिले होते. कुसिनारेस, जेथे बुद्धांनी देह ठेवला, तेथे सहा मीटर लांबीची त्यांची निजलेली मूर्ती आहे. त्या ठिकाणी महावीर स्वामी नावाचे एक वृद्ध भिक्षू राहत. पूर्वाश्रमी ते नामांकित मल्ल होते. त्या एकाकी जागी त्यांचा सहवास धर्मानंदांस लाभला.

दोन वर्षांपूर्वी पाहिलेला तोच बोधिवृक्ष या वेळी त्यांनी पुन्हा पाहिला. वृक्ष तोच, मंदिर तेच. पण आता त्या जागेविषयीची मूळ पाली वचने त्यांना मुखोद्गत होती. पहिल्या भेटीत जे केवळ नमस्कार करण्याचे स्थान होते, ते आता वाचता येण्याजोगे झाले होते.

१९०६ साली त्यांनी चीवर उतरविले. भिक्षू राहून देशात पालीचा प्रसार करणे शक्य नाही, असे त्यांस दिसून आले. कलकत्त्यास ते पालीचे अध्यापक झाले आणि गोव्यास जाऊन पत्नीस भेटले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की, महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक ग्रंथ लिहावा. कलकत्त्यास याहून अधिक वेतन मिळत असताही त्यांनी हे पन्नास रुपये पत्करले. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संशोधनासाठी त्यांस अनेकदा बोलाविले. ज्याची गावची शाळाही अर्धवट सुटली होती, तो मनुष्य तेथील पंडितांच्या पंक्तीस बसून काम करीत होता. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्यामुळे त्यांस तुरुंगवासही घडला.

एवढी कामे करीत असता त्यांनी मराठी सोडली नाही. 'बुद्धलीलासारसंग्रह' हा त्यांचा ग्रंथ १९१४ साली निघाला. १९४० साली 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. म्हातारा, आजारी आणि मृत मनुष्य पाहून सिद्धार्थ मध्यरात्री सर्वांस झोपेत सोडून निघून गेले, ही कथा सर्वांच्या ओळखीची आहे. धर्मानंदांनी जुने पाली ग्रंथ तपासून दाखविले की, ही कथा मागाहूनची आहे. सिद्धार्थ कोणालाही न चुकविता, आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत घराबाहेर पडले, असे ते ग्रंथ सांगतात. ही ओळ लिहिताना धर्मानंदांस स्वतःची सांखवाळची बाग आठवली असेल काय, कोण जाणे. त्यांनी ग्रंथात तसे काही लिहिले नाही. केवळ पुरावे दिले.

४ जून १९४७ रोजी वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे धर्मानंद कोसंबी यांचे निधन झाले. ज्या 'विसुद्धिमग्गा'साठी ते वारंवार समुद्र ओलांडून गेले होते, त्याची हार्वर्डची आवृत्ती १९५० साली छापून बाहेर पडली.