मीराबेन आणि त्यांची मातीची कुटी

आमच्या ढाणकीकडील शेतकऱ्याचें घर सर्वांच्या परिचयाचें आहे. मातीच्या भिंती, वर कवेलू, शेणानें सारवलेली जमीन. चार पैसे गांठीं जमले कीं तें पाडून पक्कें घर बांधावें, हीच घरधन्याची मनीषा असते. असें असतां एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या कन्येनें आपण होऊन तसलें घर बांधावें आणि तें पाहावयास देशोदेशींच्या लोकांनीं यावें, ही गोष्ट नवलाची नव्हे काय?

मीराबेन यांचें मूळ नांव मॅडलीन स्लेड. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजीं इंग्लंडांत झाला. वडील मुंबईस आरमाराचे मुख्य अधिकारी असतां त्याही कांहीं काळ तेथें होत्या. पण त्या वेळीं त्यांस दिसला तो साहेबांचा हिंदुस्थान, खेड्यांचा नव्हे. बीथोव्हेनच्या संगीताचा त्यांस विलक्षण नाद होता. त्या नादानेंच त्या फ्रेंच साहित्यिक रोमां रोलां यांच्याकडे गेल्या आणि तेथें त्यांस गांधीजींचें नांव कळलें. रोलां यांनीं लिहिलेलें गांधीजींचें चरित्र वाचतांच त्यांचा निश्चय झाला. परंतु त्या लगोलग निघाल्या नाहींत. जमिनीवर निजणें, मांडी घालून बसणें, सूत कातणें, यांची त्यांनीं आधीं घरींच संवय केली. नोव्हेंबर १९२५ मध्यें त्या साबरमतीस पोहोंचल्या. मीरा हें नांव गांधीजींनींच ठेविलें.

पुढें वर्ध्याजवळील शेगांवीं त्या राहावयास गेल्या व १९३६ सालीं गांधीजीही तेथें आले. (बुलढाण्याकडील शेगांवाशीं घोटाळा होऊन टपाल चुके, म्हणून १९४० सालीं या गांवास सेवाग्राम हें नांव मिळालें.) आरंभीं आदि निवास या एकाच घरांत सर्वांची दाटी असे. तेव्हां मीराबेन यांनीं स्वतःकरितां एक कुटी बांधली. सामान सगळें आसपासचें: माती, बांबू, लांकूड, कवेलू. विलायतेंत वाढलेल्या या बाईंनीं त्या भागांतील कुणब्याचेंच घर नमुन्यास घेतलें, आणि भिंतींवर ओल्या मातीनें ताडामाडांसारखीं झाडें उठविलीं. तीं आजही तेथें आहेत. गांधीजींच्या प्रकृतीस निवांतपणा हवा झाला, तेव्हां ही कुटी त्यांस मिळाली. हीच आजची बापू-कुटी.

आमची सहल तेथें गेली तेव्हां मुलांनीं सर्वांत अधिक वेळ कशापाशीं घालविला म्हणाल, तर साप धरण्याच्या चिमट्यापाशीं व पेटीपाशीं. साप मारावयाचा नाहीं, धरून दूर सोडावयाचा, हा आश्रमाचा नियम होता. परततांना एका मुलानें विचारलें, आमच्या घरासारखेंच हें घर, मग येथें पाहण्यासारखें तें काय? प्रश्न योग्यच होता. ज्यांनीं आषाढांत गळक्या छपराखालीं रात्र काढली आहे, त्यांस मातीच्या घराचें कौतुक सांगणें शोभत नाहीं. भेद एवढाच, कीं मीराबेन यांस दुसरें घर मिळण्यासारखें होतें.

१९४२ च्या ऑगस्टांत त्या गांधीजींबरोबर पकडल्या गेल्या आणि पुण्याच्या आगाखान महालांत ठेविल्या गेल्या. उंच कमानींची ती वास्तु बांधली गेली १८९२ सालीं, म्हणजे त्यांच्या जन्मवर्षींच. त्याच महालांत १५ ऑगस्ट १९४२ रोजीं महादेवभाई देसाई वारले व २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबा. मीराबेन या दोन्ही वेळीं तेथें होत्या. एवढें विस्तीर्ण घर त्यांस पुन्हा लाभलें नाहीं, आणि त्याची त्यांस इच्छाही नव्हती.

सुटकेनंतर त्या हिमालयाच्या पायथ्याशीं गेल्या. ऋषिकेशजवळ त्यांनीं पशुलोक नांवाचें गोपालनाचें केंद्र उभारलें, आणि डोंगरांतील जंगलें तुटत आहेत याकडे फार लवकर लक्ष वेधलें. १९५९ सालीं त्यांनीं भारत सोडला. अखेरचीं वर्षें त्यांनीं ऑस्ट्रियांत, पुन्हा बीथोव्हेनच्या सान्निध्यांत काढलीं. २० जुलै १९८२ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला.

सेवाग्रामची कुटी उभी आहे. मातीची असल्यामुळें तिच्या भिंती वरचेवर लिंपाव्या लागतात, जमीन सारवावी लागते, आणि पावसाळ्यापूर्वीं कवेलू फेरावे लागतात.