गुंथर-डिट्झ सोन्थायमर

गुंथर-डिट्झ सोन्थायमर (१९३४ – १९९२) हे जर्मन भारतविद्यातज्ज्ञ, हिंदू कायद्याचे अभ्यासक आणि महाराष्ट्रातील लोकधर्माचे संशोधक होते. धनगर समाजाचे देव, त्यांच्या ओव्या, यात्रा आणि देवापुढे होणारी विधिनृत्ये यांचा त्यांनी प्रत्यक्ष क्षेत्रकार्यातून अभ्यास केला. या परंपरांचे ध्वनिमुद्रण व चित्रीकरण त्यांनी संशोधनाचे प्रमुख साधन मानले. खंडोबा, बिरोबा व म्हस्कोबा या देवतांच्या आधुनिक अभ्यासात त्यांचे लेखन पायाभूत मानले जाते.

शिक्षण व कायद्याचा अभ्यास

सोन्थायमर यांच्या संशोधनाची सुरुवात कायद्याच्या इतिहासापासून झाली. एकत्र हिंदू कुटुंब ही संस्था धर्मशास्त्रात आणि पुढे न्यायालयीन कायद्यात कशी विकसित झाली, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. तो १९७७ मध्ये 'द जॉइंट हिंदू फॅमिली' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. हिंदू कायद्याचे ब्रिटिश अभ्यासक जे. डंकन एम. डेरेट यांच्याशी त्यांचे निकटचे विद्याविषयक संबंध होते. डेरेट यांच्या गौरवार्थ निघालेल्या ग्रंथाचे (१९८२) ते सहसंपादक होते. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत त्यांनी अध्यापन केले.

धर्मशास्त्राच्या अभ्यासातून त्यांचे लक्ष ग्रंथांपलीकडील आचाराकडे वळले. संस्कृत ग्रंथांत ज्यांना फारसे स्थान नाही, अशा समाजांचे धर्मजीवन कसे चालते, हा प्रश्न त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी आहे.

महाराष्ट्रातील क्षेत्रकार्य

पुणे शहराशी सोन्थायमर यांचा दीर्घकाळ संबंध राहिला. त्यांच्या अभ्यासाचा प्रदेश पुण्याच्या वेशीपासूनच सुरू होतो. आज स्वारगेट बसस्थानकावरून निघणाऱ्या गाड्या दिवे घाट चढून सासवड, जेजुरी व पुढे फलटणच्या दिशेने जातात. याच पट्ट्यात खंडोबाची जेजुरी आणि म्हस्कोबाचे वीर ही पुरंदर तालुक्यातील क्षेत्रे आहेत. येथून दक्षिणेस सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूरकडे पसरलेला कमी पावसाचा माळरानाचा प्रदेश हा मेंढपाळ धनगरांचा पारंपरिक टापू होय. पावसाळा सरला की मेंढरांचे कळप पश्चिमेकडे न्यायचे आणि पुढील पावसाळ्याच्या तोंडाशी माळावर परतायचे, असे हे वार्षिक चक्र असते. देवांची स्थाने, यात्रांचे काळ व ओव्यांतील प्रवासवर्णने या चक्राशी जोडलेली आहेत, हे सोन्थायमर यांनी साधार दाखवून दिले.

बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या तीन देवांचा उगम, इतिहास व भौगोलिक परिसर यांवरील त्यांचा मूळ जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 'पास्टोरल डेइटीज इन वेस्टर्न इंडिया' या नावाने १९८९ मध्ये आला. रानात वा वारुळाशी प्रकटलेला मेंढपाळांचा देव गावात येतो, त्याचे लग्न लागते, त्याला देऊळ व मानकरी मिळतात आणि हळूहळू तो मोठ्या शैव परंपरेत सामावला जातो, ही प्रक्रिया त्यात उलगडली आहे. वीरचा म्हस्कोबा हा मूळचा सोनारीच्या भैरवाचे रूप असून एका धनगर भक्तामागोमाग तो वीरला आला, अशी परंपरा आहे. माघ पौर्णिमेला तेथे देवाचे लग्न लागते आणि त्यानंतर यात्रा भरते.

विधिनृत्याचे चित्रण

धनगरांच्या देवापुढे होणारे गजनृत्य, म्हणजेच गजीनृत्य, हे यात्रेचे अविभाज्य अंग आहे. पांढरा घोळदार अंगरखा, डोक्याला पटका आणि हातात रंगीत रुमाल अशा वेशातील पुरुष ढोल व कैताळाच्या ठेक्यावर फेर धरतात. ठेका आधी संथ असतो आणि क्रमाने वाढत जातो. नृत्य रंगात आले की एखाद्याच्या अंगात देव येतो आणि पुढच्या वर्षीचा पाऊस, पीकपाणी व रोगराई यांविषयी भाकणूक होते. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथे विठोबा-बिरोबाच्या यात्रेत हजारो धनगरांचे ढोल एकत्र वाजतात, भंडाऱ्याची उधळण होते आणि भाकणूक ऐकण्यासाठी लोकांची गर्दी लोटते. खंडोबाच्या परंपरेत वाघ्या-मुरळींचे जागरण आणि लंगर तोडण्याचा विधी यांतही गायन व नर्तन वेगळे काढता येत नाही.

अशा नृत्याचे चित्र घेताना ते त्याच्या स्थळाकाळातून तोडले जाण्याचा धोका असतो. अमेरिकेतील लाकोटा लोकांच्या बाबतीत हे ठळकपणे घडले. १८८३ नंतर सरकारी नियमांनी त्यांच्या सूर्यनृत्यासारख्या विधींना बंदी घातली होती. त्याच काळात 'बफेलो बिल' यांच्या फिरत्या खेळांत लाकोटा नर्तक तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभे केले जात. १८९८ मध्ये गर्ट्रूड केझबियर यांनी त्यांतील काही जणांची न्यूयॉर्कच्या स्टुडिओत काढलेली छायाचित्रे कलात्मक छायाचित्रणात महत्त्वाची मानली जातात. परंतु त्यांत व्यक्ती दिसते, विधी दिसत नाही. एडवर्ड कर्टिस यांनी तर एका आदिवासी झोपडीच्या छायाचित्रातून घड्याळ पुसून टाकले होते, कारण आधुनिक वस्तूमुळे प्राचीनतेचा आभास मोडत होता.

सोन्थायमर यांची पद्धत याच्या उलट होती. नृत्य ज्या तिथीला, ज्या देवळापुढे आणि ज्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत होते, तेथेच आणि त्याच क्रमाने त्याची नोंद व्हावी, यावर त्यांचा भर होता. मेंढपाळांचा समाज हा भूतकाळाचा अवशेष नसून बदलत्या परिस्थितीत जगणारा समाज आहे, ही त्यामागील धारणा होती. कालवे व ऊसशेती वाढल्याने चराईच्या वाटा आक्रसत होत्या आणि अनेक धनगर कुटुंबे स्थिर शेतीकडे वळत होती. अशा काळात या नोंदींना विशेष मोल आले.

चित्रकार-छायाचित्रकार हेनिंग श्टेगम्युलर व अभ्यासक गुंटर उन्बेशाइड यांच्या सहकार्याने त्यांनी माहितीपट केले. 'खंडोबा राजाची मृगया' या अर्थाच्या शीर्षकाचा माहितीपट खंडोबाच्या उपासनेवर आहे, तर 'वारी' हा पंढरपूरच्या पायी यात्रेवर आहे. वारी आणि धनगर परंपरा यांचा सांधा वाटेवरही दिसतो. ज्ञानेश्वरांच्या पालखीवर जेजुरीत भंडारा उधळला जातो, तर तुकारामांच्या पालखीभोवती काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते.

ओव्यांचे ध्वनिमुद्रण

नृत्याइतकेच महत्त्व सोन्थायमर यांनी धनगरी ओवीला दिले. ती समूहाने सादर होते. गायलेल्या भागामागून तीच कथा गद्यात सांगितली जाते आणि पुन्हा गायन सुरू होते. बिरोबाचा जन्म, खंडोबा-बाणाईचे लग्न यांसारख्या कथा रात्रभर चालतात. लिखित प्रत नसलेल्या या वाङ्मयाचे त्यांनी विपुल ध्वनिमुद्रण केले. धनगरी ओवी हे मराठी वाङ्मयाचे स्वतंत्र दालन आहे, ही जाणीव या संग्रहामुळे दृढ झाली.

हिंदू धर्माचे पाच घटक

१९८९ मध्ये हेर्मान कुल्के यांच्यासह संपादित केलेल्या 'हिंदुइझम रिकन्सिडर्ड' या ग्रंथात सोन्थायमर यांनी हिंदू धर्माचे पाच घटक मांडले: ब्राह्मणांचे कार्य व शिकवण, संन्यास, आदिवासी धर्म, लोकधर्म आणि भक्ती. हे घटक एकमेकांवर सतत परिणाम करतात आणि त्यांपैकी कोणताही एक खरा व बाकीचे त्याचे बिघडलेले रूप, असे मानता येत नाही, हा या मांडणीचा गाभा आहे. यात्रेतील नृत्य व अंगात येणे यांकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणाऱ्या दृष्टीला त्यामुळे अभ्यासाच्या पातळीवर उत्तर मिळाले. रान व गाव, म्हणजे वन व क्षेत्र, यांच्या परस्परसंबंधांवरील त्यांचे विवेचनही याच सूत्राचा विस्तार आहे. एस. सेत्तर यांच्यासह त्यांनी वीरगळ व सतीशिळा यांवरील 'मेमोरियल स्टोन्स' (१९८२) हा ग्रंथ संपादित केला.

विठ्ठलाच्या मूळ स्वरूपाचा शोध घेणाऱ्या रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथातही गवळी-धनगर परंपरेचा विचार केंद्रस्थानी आहे. या दोन अभ्यासकांच्या कार्यामुळे महाराष्ट्राच्या दैवतविज्ञानात पशुपालक समाजांना मध्यवर्ती स्थान मिळाले.

मृत्यू व वारसा

सोन्थायमर यांचे १९९२ मध्ये, वयाच्या साठीच्या आत निधन झाले. हाती घेतलेले बरेच काम त्या वेळी अपुरे होते. खंडोबाविषयक त्यांचे निबंध १९९७ मध्ये, तर धर्म, वाङ्मय व कायदा यांवरील निबंध २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या संग्रहातील बिरोबा व धुळोबा यांच्या दोन प्रदीर्घ ओव्यांचा इंग्रजी अनुवाद ॲन फेल्डहाउस यांनी रामदास आटकर व राजाराम झगडे यांच्या सहकार्याने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या गायकांचा आवाज एरवी यात्रेच्या रात्रीपुरताच उरला असता, तो या नोंदींमुळे पुढील पिढ्यांच्या अभ्यासकांना उपलब्ध झाला आहे.